वरच्या घरचा वाढदिवस

१

सोमवारी पोशीर, बुधवारी कडाव आणि बाजाराच्या दिवशी नेरळ स्टेशनाबाहेर चिंचेखाली बैठक. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझा हा नेम. नवरा, सखा कासार, घरी बसून बांगड्यांच्या माळा ओवायचा आणि फिरायचं काम माझं. लोक म्हणायचे, धोंडूबाईची जीभ म्हणजे कात्री, पण हात लोण्याचा. जिभेचं मला माहीत नाही. हाताचं खरं आहे. माझ्या हातून भरताना काच फुटली आणि कुणाच्या मनगटाला रक्त आलं, असं एका बाईनं सांगावं, मी धंदा सोडीन.

मानमोडीची साथ येऊन गेली, त्यानंतरची ही गोष्ट. त्या साथीत माझे दोन्ही मुलगे गेले. गोदा तेवढी राहिली, दहा-अकरा वर्षांची असेल. तिला मी क्षणभर नजरेआड करत नसे. डोक्यावर पेटारा आणि बोटाशी गोदा, अशी गावं फिरायचे. हसायचे लोक. हसेनात का मेले!

आणि गोदाचे हात, काय सांगू तुम्हाला! लांबट बोटं, मऊ पेरं. अंगठा असा दुमडायचा की तळहातात नाहीसा व्हायचा. कुणाला जात नाही अशी लहान बांगडी तिच्या हातात सरळ उतरायची. उजव्या करंगळीच्या बुडाशी विळीची एक बारीक खूण होती, तेवढाच काय तो डाग.

त्या हातांचा मला धंद्यातही उपयोग व्हायचा. एखादी बाई घरी राहिलेल्या लेकीसाठी बांगड्या मागते, पण माप काय सांगणार? मग कासार आपल्या पोरीचा हात पुढे करतो. "एवढा का? याहून भरलेला?" ती दाबून बघते, म्हणते थोडा मोठा. झालं माप. माझी सासू नणंदेचा हात असाच दाखवायची. सगळेच कासार करतात. यात वाईट काय आहे?

२

त्या दिवशी दुपारची गाडी येऊन गेली, माथेरानचे साहेबलोक छोट्या गाडीत बसून वर गेले आणि हमाल सावलीला लवंडले. मी माळा आवरत होते. मान वर केली तर समोर एक बाई उभी. स्वच्छ नऊवारी, डोईवरून पदर. उन्हातून आलेल्या बाईला घामाचा वास असतो, चुलीचा असतो, निदान तेलाचा तरी. हिला कसलाच नव्हता. पण हे मला नंतर सुचलं.

"कासारीणबाई, आमच्या मुलीचा वाढदिवस आहे. बांगड्या भरायला याल?"

मला हसू आलं. आमच्याकडे कुठले आलेत वाढदिवस! भात झोडपत होते तेव्हा पोर झाली, एवढं आठवलं तरी खूप. म्हटलं, कुणी माथेरानकडची बडी असामी दिसते.

"राहता कुठं?"

"वर." तिनं पोशीरच्या मागच्या डोंगराकडे मान वळवली. "शेवटच्या ठाकूरवाडीच्याही वर, पठारावर."

"लेकीला आणायची होती की."

"तिला अजून बाहेर काढत नाही."

बाईमाणूस समोर बसलं की आधी तिचा हात धरायचा, ही माझी खोड. रिकामा हात बघितला की गिऱ्हाइकालाच लाज वाटते आणि चार बांगड्या जास्त खपतात. मी म्हटलं, आधी तुमचे तर भरू. तिनं दोन्ही हात पुढे केले.

उजवा गोरा, निमुळता, नखं गुलाबी. डावा काळासावळा, आखूड बोटांचा, तळव्याला घट्टे पडलेला, आणि मनगटावर गोंदलेलं तुळशीवृंदावन. त्या वृंदावनाची एक फांदी फिसकटलेली. प्रत्येक बाईच्या दोन हातांत थोडा फरक असतोच, कामाचा हात जरा रुंद असतो. पण हे दोन हात एका आईच्या पोटचे नव्हते. एकाला जी बांगडी ढिली झाली असती, ती दुसऱ्याला गेलीच नसती.

असतं बाई एखाद्याला, मी मनाशी म्हटलं. कोड असेल. लहानपणी मोडून वाकडा बसला असेल. जग काय तुझ्याच मापानं घडलंय, धोंडे?

"लेकीचं माप काय?" मी विचारलं.

"तुम्ही दाखवाल ते."

मी गोदाचा हात पुढे केला. बाई खाली बसली. तिनं एकेक बोट वाकवून पाहिलं, पेरं चाचपली, आणि मग तळहात नाकाशी नेऊन हुंगला. गोदाला गुदगुल्या झाल्या.

"आई, हिचा एक हात गार आहे नि एक गरम!"

"गप गं. असं बोलू नये."

"दोन्ही दाखवता?" बाईनं मला विचारलं.

"दोन्ही बघा की."

"तुम्ही स्वतः दाखवताय ना? मर्जीनं?"

"मर्जीनं नाही तर काय, कोतवालानं धरून आणलंय मला?"

ती हसली नाही. पदराच्या गाठीतले तांदूळ काढून तिनं गोदाच्या ओंजळीत घातले, तिची बोटं एकेक करून वर मिटली, म्हणाली, "माघी पुनवेला दुपारी या. छान आहेत." आणि निघाली. मी माळ फांदीला अडकवून वळले, तर रस्त्यावर कुणीच नाही.

३

बुधवारी कडावला सोनुबाईच्या ओटीवर बसले होते. सोनुबाई चांगल्या शेतकऱ्याच्या घरची, गोठ्यात म्हशी, तोंडाची गोड. पण मी तिला ओळखते तेव्हापासून ती एकच हात पुढे करते, उजवा. डावा कायम पदराखाली. लहानपणी भाजला म्हणते. नवऱ्यानं तरी पाहिलाय की नाही, देव जाणे. कासारानं एक हात भरून दुसरा रिकामा ठेवून उठायचं नसतं, म्हणून तिच्याशी माझा दरवेळी वाद व्हायचा.

त्या दिवशी तिचा उजवा हात मांडीवर घेतला आणि बघतच राहिले. मनगटावर तुळशीवृंदावन, शंभरदा पाहून कधी नीट न बघितलेलं. त्याची एक फांदी फिसकटलेली.

"सोनुबाई, हे गोंदण दोन्ही हातांवर आहे का गं?"

"हाय. एकाच गोंदारणीनं काढलं. तिचा हातच तसा." मग तिनं पदर आवळला. "का इचारतीस?"

मी आपली सांगत सुटले. वाढदिवसाला बोलवायला आलेली बाई, दोन तऱ्हेचे हात, डाव्यावरचं वृंदावन. सांगता सांगता माझंच मला हसू येत होतं. सोनुबाईच्या तोंडावरचं रक्त उतरलं. ती ओरडेल असं वाटलं मला. पण ती पुढे सरकली आणि हळूच, एखादी आई सासरच्या लेकीबद्दल विचारते तसं विचारू लागली.

"कसा हाय गं तो? बरा हाय ना?"

"कोण?"

"लई काम पडतं का त्याला?"

"घट्टे पडलेत," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

सोनुबाईनं पदर तोंडाला लावला. रडता रडता म्हणाली, "मऊ होता गं. आयनं दावला तवा कापसासारखा मऊ होता."

मी चिडले. भीती वाटली की मी चिडते, हा माझा स्वभाव. "काय बोलतेस ते धड बोल! तुझा हात बघू इकडे!" मी तिचा पदर ओढला. तिनं तो असा घट्ट धरला, की पदर फाटला पण हात काही दिसला नाही.

"पोरीला वर नेऊ नको," एवढंच म्हणाली ती. "आन त्यांनी काय दिलं आसंल तर..." बांगड्या न भरताच उठून आत गेली.

४

काय दिलं होतं? मूठभर तांदूळ. मी त्यांचा भात टाकला होता, पण सकाळभर उकळूनही दाणा फुगेना. पाणी आटलं, पुन्हा घातलं, पुन्हा आटलं. दाणे पडले तसेच, कोरडे, टणक. सखा म्हणाला, जुना तांदूळ असेल, फेकून दे. अन्न फेकायची सवय नाही मला. पण तो तांदूळ घरात ठेवायचीही इच्छा होईना.

पुनवेच्या दिवशी मी ठरवलं. एकटीनं जायचं, तांदूळ त्यांच्या दारात ओतायचा आणि सांगायचं, आम्हाला तुमचा वाढदिवस नको नि बिदागीही नको. बसून भ्यायचं माझ्या रक्तात नाही. गोदाला मी सखाच्या पुढ्यात बसवलं.

"हिच्यावरची नजर हलवलीस तर माझ्याशी गाठ आहे."

"अगं, जेवू तरी देशील का मला?"

"दोघं एका ताटात जेवा."

पेटारा मात्र घेतला. तो घेतल्याशिवाय मला चालताच येत नाही.

शेवटच्या वाडीपाशी हिरू ठाकूर कारवी तोडत होता. "कासारणी, वर कुठं? वर कोन बांगड्या घालतंय? गवत हाय नुस्तं!" मी थांबले नाही. चढले. पठारावर आले तर घर होतं. लांबलचक, कारवीच्या कुडाचं, अंगण नुकतं सारवलेलं. इतक्या मोठ्या अंगणात एक कोंबडं नाही, कुत्रं नाही. मागून छोट्या गाडीची शिट्टी ऐकू येत होती, बरं वाटत होतं. उंबरा ओलांडला आणि शिट्टी मध्येच बंद झाली.

५

आत पडवीभर माणसं बसली होती. पुरुष, बाया, म्हातारे. सगळे भिंतीकडे तोंड करून. भर दुपारी ओळीनं रॉकेलच्या चिमण्या पेटलेल्या, आणि एक म्हातारा रांगत रांगत एकेक चिमणी फुंकून विझवत होता. दर चिमणीला सगळे टाळी वाजवायचे. ती टाळी मला आवडली नाही. दोन सारखे तळवे आपटले की एक आवाज येतो. इथं प्रत्येकाच्या टाळीला काहीतरी कमी पडत होतं.

"या," ती बाई म्हणाली. "तिच्याकडे बघायचं नसतं. लेकरू पुरं होईपर्यंत आमच्यात कुणी बघत नाही."

"मी हे परत द्यायला आले," मी तांदळाची पुरचुंडी पुढे केली. "आणि माझी पोर येणार नाही."

"तिला कशाला त्रास?" बाई म्हणाली, आणि पुरचुंडी घेऊन शांतपणे कोनाड्यात ठेवली.

भिंतीकडून कुणीतरी बोललं, "डोळे पोशीरचे."

"छान लागलेत म्हणे," दुसरं म्हणालं.

"केस चौकचे. माझ्या मावशीनं पाहिले होते."

"कान खालापूरचे."

हळदीकुंकवाला बायका एकमेकींच्या दागिन्यांचं बोलतात तसं चाललं होतं. कौतुकानं, सावकाश. माझ्या डोक्यात अर्थ शिरत होता आणि मी तो बाहेर ढकलत होते. वेडी माणसं आहेत. एखादा पंथ असेल. ऊन लागलंय मला. बांगड्या भराव्या, निघावं. कामाला लागलं की डोकं ठिकाणावर येतं, असा माझा आजवरचा अनुभव.

बाईनं मला आतल्या खोलीत नेलं. मध्ये जाड पडदा होता. मी पाटावर बसले, हिरव्या बांगड्यांची माळ सोडली. "हात," मी म्हटलं. पडद्याखालून एक हात आला. मी तो मांडीवर घेतला, सवयीनं अंगठा दुमडला. अंगठा तळहातात नाहीसा झाला.

माझी बोटं थांबली. मग ती करंगळीच्या बुडाशी गेली. तिथं विळीची खूण होती.

कसं सांगू तुम्हाला? आई आहे मी. अंधारात, तापात, गर्दीत हजार हात दिले असते तरी तो मी ओळखला असता. गरम होता. जिवंत होता. "गोदे," मी म्हटलं. त्या हातानं माझं बोट धरलं. झोपेत धरायची तसं, घट्ट.

मी ओढला. दोन्ही हातांनी धरून जीव खाऊन ओढला. पलीकडचं जे होतं ते फारच हलकं होतं, सरकत पुढे आलं आणि पडदा वर उचलला गेला. डोळे दिसले, मोठे, पाणीदार. कुठल्या तरी पोशीरच्या पोरीचे. त्यांच्याखाली सगळं सपाट. तोंड अजून यायचं होतं. मी किंचाळले, तेव्हा ते डोळे घाबरले आणि दुसरा हात येऊन माझ्या पदराला बिलगला.

"सावकाश," बाई म्हणाली. "नवे आहेत. बसायला वेळ लागतो."

६

पाया पडले मी तिच्या. शिव्या दिल्या, पुन्हा पाया पडले. माझे घे, म्हटलं. माझे दोन्ही घे, आत्ता घे, कोयता आण. तिनं माझे हात उलटसुलट पाहिले, भाजी पाहावी तसे.

"जुने आहेत," ती म्हणाली. "आणि आमचं लेकरू कोरं येतं, त्याला दाखवणाऱ्याच्या लेकराचेच लागतात. तुम्ही दाखवलेत. आम्ही चोर नाही."

"मला माहीत नव्हतं!"

"सगळ्यांनाच माहीत नसतं."

भिंतीकडे तोंड केलेलं कुणीतरी हसलं. बाईनं त्याला हळूच श्श करून दटावलं. ती फार रीतीची बाई होती.

"परत मिळतात," ती म्हणाली. "पुढच्या वाढदिवसाला दुसरे दाखवा, हे घेऊन जा. मात्र तुमच्याच लेकराचे. परक्याचे दाखवून चालत नाहीत, लागत नाहीत ते."

"मला दुसरं लेकरू नाही."

"वर्ष आहे अजून," बाई म्हणाली.

निघताना माझ्या ध्यानात आलं, बांगडी एकही भरली नव्हती. मी पुन्हा पाटावर बसले. माझ्या लेकीचा हात मी रिकामा ठेवू? दोन्ही हात भरले. एकही काच फुटली नाही. मग सुटले ती डोंगर उतरत, पडत, घरी.

गोदा उंबऱ्यावर बसली होती. सखानं खरंच नजर हलवली नव्हती. दोघं जेवत होते आणि तिच्या हातातून घास पडला, एवढंच त्याला ठाऊक. हात होते जागच्या जागी. नखं नव्हती. रेषा नव्हत्या, पेरं नव्हती. उकडीचं पीठ मळून कुणी घाईनं हाताचा आकार द्यावा तसे.

"दुखत नाही गं आई," ती म्हणाली. "पण मिटत नाहीत."

कर्जतच्या डॉक्टरानं नख शोधलं, चष्मा पुसला, पुन्हा शोधलं आणि चोळायला तेल दिलं.

७

कोंडी मला नेरळच्या बाजारातच भेटली. खालापुराकडची पोर, मानमोडीत सगळं घर गेलेलं. धर्मशाळेच्या पायरीवर निजायची. कुणी वाटाणे दिले तर खायची, कुणी लाथ मारली तर उठायची. गोदापेक्षा वर्षभरानं लहान. मी तिचा हात पाहिला. खरजेनं भरलेला होता, पण हाड चांगलं होतं.

घरी आणली. न्हाऊ घातली, कडुनिंबाचा पाला लावून खरूज घालवली, गोदाचं जुनं परकर-पोलकं दिलं. सखानं पहिल्याच रात्री ओळखलं.

"त्या पोरीला लळा लावू नको, धोंडे."

"लळा लावल्याशिवाय चालणार नाही."

त्यानंतर तो माझ्याशी महिना-महिना बोलला नाही. पुरुषाचं बरं असतं, तोंड फिरवून बसलं की झालं.

नाटक म्हणून सुरू केलं मी. रोज स्वतःला बजावायचे, ही परकी आहे, कामासाठी आणलीय. पण नाटकानं भागणार नव्हतं, वरची ती बाई हात हुंगून बघते. म्हणून मी तिच्या केसांतून फणी फिरवायचे, ताप आला की उशाशी बसायचे, ती खोटं बोलली की फटका द्यायचे. पावसाळ्यात कधीतरी ती चिखलात घसरली आणि मी हातातला पेटारा टाकून धावले. माल फुटला सगळा. तेव्हा मला कळलं की आता ही लागेल. रात्री आनंदही झाला, उलटीही झाली.

आणि ती पोर काय करायची? गोदाला भरवायची. बसायची मांडी घालून, भाताचा घास करून, फुंकर मारून, "आ कर, ताई." गोदाची वेणी घालायची. गोदाच्या नाकावर माशी बसली तर हाकलायची. माझ्याजवळ बसून बांगड्या भरायलाही शिकली. वर्ष सरत आलं तेव्हा कोंडीचे हात गोदाच्या पूर्वीच्या हातांसारखेच मऊ झाले होते. मी रोज लोणी चोळत होते त्यांना.

८

पुन्हा माघी पुनव. मी कोंडीला नवं लुगडं नेसवलं. गोदा आतून म्हणाली, "आई, तिला नको नेऊस."

"तुझे हात हवेत ना तुला?"

हवे होते तिला. अकरा-बारा वर्षांची पोर, का नको असतील?

"मी नको म्हणत्ये," ती थोड्या वेळानं म्हणाली. पण हळू म्हणाली, आणि मी ऐकलं नाही असं दाखवलं.

वर सगळं तसंच होतं. भिंतीकडची माणसं, विझणाऱ्या चिमण्या, अपुऱ्या टाळ्या. या खेपेला पडद्याआडून हसण्याचा आवाज येत होता. तोंड आलं होतं कुणाचं तरी. कोंडी माझा पदर धरून उभी होती.

बाई तिच्यासमोर बसली. "ही तुझी कोण?"

"आई," कोंडी म्हणाली. लगेच. विचारच केला नाही.

"आणि ही तुमची?"

नाही म्हणायला एक श्वास पुरला असता. परकी आहे, चुकून आणली, निघतो आम्ही. पण पडद्याखालून दोन हात बाहेर येऊन माझ्या दिशेनं चाचपडत होते. मी भरलेल्या बांगड्या अजून तशाच होत्या त्यांत.

"माझी लेक," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

"मर्जीनं दाखवता?"

मी कोंडीचे दोन्ही हात पुढे केले. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. गुदगुल्या होतील म्हणून आधीच हसत होती.

९

तुम्ही तोंड वाकडं कराल. करा. तुमच्या लेकीचे हात आहेत ना जागेवर? मग तुम्हाला बोलायला काय जातंय!

गोदाचे हात परत आले. घरी पोचले तर ती मागच्या दारी बसून नखं निरखत होती. मी धावत गेले, हात हातात घेतला. तिनं तो काढून घेतला. तेव्हापासून ती स्वतः वाढून घेते, स्वतः जेवते, वेगळी निजते. हळद लावायची वेळ आली तर लावू देईल की नाही, सांगता येत नाही. बांगड्या बापाकडून भरून घेते. हाक मारली तर ओ देते, पण आई म्हणत नाही.

कोंडी म्हणते. दिवसभर म्हणते. तिला मी मांडीवर घेऊन भरवते, ते कोरे हात पोटाशी धरून ती माझ्या अंगावर रेलते. रडली नाही कधी. परवा दूधभात भरवत होते, तर मध्येच म्हणाली, "आई, ताईनं मला सगळं सांगितलंय."

माझ्या हातातला घास तसाच राहिला.

"मला राग नाय आला," ती म्हणाली. "ताईचे आले ना परत? मग माझेपन येतील. आपन अजून एक बहीण आनायची."

मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"मी बघून ठेवलीया. स्टेशनावर असते ती, आंधळ्याची काठी धरून. त्यो काय तिचा बाप नाय. मी इचारलं तिला, आमच्या घरी येतीस का, माझी आई लई मायाळू हाय. येते म्हनली."

मी तिच्या तोंडात घास घातला. ओठाला लागलेलं शीत पुसलं.

"हात कसे आहेत गं तिचे?" मी विचारलं.